विजयदुर्ग : कोणी बांधला, कोणी बुडविला, आणि आता कोणाचा?

(गावच्या शाळेच्या पटांगणात शेतकरी व कारागीर मंडळींपुढे दिलेले व्याख्यान)



आज आम्ही आपणांपुढे एका जुन्या पडक्या किल्ल्याविषयी बोलणार आहोत. कोणी म्हणेल, "मास्तर, ज्वारीस भाव नाही, पोरास नोकरी नाही, सुताराच्या नेटास काम नाही, आणि तुम्ही पडक्या भिंतींची गोष्ट कसली सांगता?" प्रश्न रास्त आहे. त्यास आमचे उत्तर असे की, ज्याच्या नावावर उतारा त्याची जमीन, ही जशी कचेरीची रीत, तशीच ज्याच्या हाती लेखणी त्याचा इतिहास, ही जगाची रीत आहे. आपल्या वाडवडिलांनी जमीन कसली आणि उतारा दुसऱ्याच्या नावावर चढला, असे किती घरांत झाले हे आपणांस ठाऊक आहे. इतिहासाच्या बाबतीतही आपल्या घरांचे तेच झाले. म्हणून हा उतारा एकदा तपासून पाहावा, एवढ्याचसाठी हे बोलणे.

शाळेची मुले घेऊन आम्ही विजयदुर्ग पाहून आलो. मुंबई-गोवा रस्त्यावर तळेरे लागते, तेथून पश्चिमेस फुटलेली वाट थेट समुद्रापर्यंत जाते. किल्ला देवगड तालुक्यात, वाघोटण खाडीच्या तोंडाशी आहे. तीन अंगांस पाणी आणि एका अंगास जमीन. त्या जमिनीच्या अंगासही पूर्वी खंदक होता. तो पुढे बुजविला गेला आणि आता त्यावरून रस्ता जातो. किल्ल्याचे आवार सुमारे १७ एकरांचे. एका तटाच्या आत दुसरा, दुसऱ्याच्या आत तिसरा, अशी तिहेरी तटबंदी, आणि बुरूज २७. दरवाजाशी मारुतीचे देऊळ आहे. आत गेल्यावर सदर, खलबतखाना, दारूचे कोठार, धान्याचे कोठार, पाण्याची टाकी यांच्या पडक्या भिंती दिसतात. छपरे गेली, दारे गेली; भिंतींच्या सांध्यांत वड-पिंपळाची मुळे शिरली आहेत. पण समुद्राकडचे बुरूज अजून लाटा खात उभे आहेत.

आमच्या मुलांपैकी बहुतेकांनी समुद्र प्रथमच पाहिला. त्यांनी तेथे तीन प्रश्न विचारले. पहिला : हे कोणी बांधले? दुसरा : हे कोणी मोडले? तिसरा : आता हे कोणाचे? मोठमोठ्या पंडितांनी विचारावे असेच हे प्रश्न आहेत. त्यांची उत्तरे क्रमाने पाहू.

पहिला प्रश्न, बांधले कोणी? पुस्तकात उत्तर असे मिळते : बाराव्या शतकाच्या अखेरीस शिलाहार राजा दुसरा भोज याने किल्ला बांधला. पुढे तो विजापूरच्या आदिलशाहीकडे गेला. त्या काळी जवळच्या गिर्ये गावावरून त्यास घेरिया म्हणत. शिवाजी महाराजांनी तो घेतला, त्याचे नाव विजयदुर्ग ठेविले आणि तटबंदी वाढवून तेथे आरमाराचे ठाणे केले. पुढे सरखेल कान्होजी आंग्रे यांनी तो दर्यावरील सत्तेचा मुख्य आधार केला. हे सर्व खरे आहे. पण यात एकाही हाताचे नाव नाही. राजाने हुकूम दिला म्हणजे तट आपोआप उभा राहत नाही. तट उभा राहतो तो दगड काढणाऱ्याच्या, दगड घडविणाऱ्याच्या, चुना भाजणाऱ्याच्या आणि पाट्या वाहणाऱ्या बायाबापड्यांच्या हातांनी.

कोकणात जांभा दगड आहे. तो खाणीत ओला असता नरम असतो, कुऱ्हाडीसारख्या हत्याराने त्याचे चिरे पाडता येतात. बाहेर काढून हवेत ठेविला की तो हळूहळू टणक होतो. कोणत्या थरातला चिरा भिंतीस चालेल आणि कोणता चार पावसाळ्यांत भुगा होईल, हे ओळखणे म्हणजे विद्याच आहे. किनाऱ्यावर शिंपले भाजून चुना करीत, तो घाणीत रेतीबरोबर मळीत, मग सांध्यांत भरीत. आज आम्ही पाहतो की, सिमेंटची गटारे दहा वर्षांत फुटतात, आणि त्या निरक्षर माणसांनी घातलेला चुना शेकडो वर्षे खाऱ्या पाण्याचे तडाखे सोशीत आहे. या विद्येस कोणी पदवी दिली नाही, कोणी तिचा ग्रंथ लिहिला नाही. ती बापाकडून लेकाकडे हातोहात आली, आणि लेकाचे काम सुटले तेथे ती संपली.

किल्ल्याहून थोडे खाडीच्या आत गेले म्हणजे गिर्ये येथे आंग्र्यांची गोदी आहे. आमच्या मते तटापेक्षाही ती अधिक पाहण्यासारखी आहे. खडक फोडून केलेली ही गोदी सुमारे ३५५ फूट लांब व २२७ फूट रुंद आहे. गोदी म्हणजे गलबतांचा गोठाच समजा. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणास खाडीचे पाणी चढते. त्या पाण्याबरोबर जहाज आत घ्यावयाचे. ओहोटीस पाणी उतरले की जहाज कोरड्यावर बसते. मग सुताराने बुडाच्या फळ्या तपासाव्या, किडलेली फळी काढून नवी बसवावी, फटींत कापूस-काथ्या ठोकावा, वर तेल-डांबर चोपडावे. आणि पुढच्या उधाणास जहाज पुन्हा पाण्यावर सोडावे. चंद्र, पाणी, लाकूड आणि लोखंड या चारही गोष्टींचा मेळ ज्यांनी घातला, ते सुतार-लोहार अडाणी होते असे कोण म्हणेल?

या गोदीत जी जहाजे होत त्यांत दोन जाती मुख्य : गुराब आणि गलबत. गुराब मोठी, दोन किंवा तीन डोलकाठ्यांची, पुढच्या अंगास तोफा असलेली. गलबत लहान, शिडावर चाले आणि वल्ह्यांवरही चाले. मोठ्या गलबतास चाळीस-पन्नास वल्ही असत. वारा पडला म्हणजे गलबते गुराबेस दोर लावून ओढीत नेत. दोहोंचे बूड उथळ, म्हणून ती खाडीत दूरवर शिरत. फिरंग्यांची अवजड जहाजे त्यांच्या पाठीस लागली तरी खाडीच्या तोंडाशीच अडत. आपल्या समुद्राची खोली पाहून आपली जहाजे बेतली होती. शेतकरी बांधवांनो, काळ्या रानास वेगळा नांगर आणि मुरमाड रानास वेगळा, हे आपण जसे जाणता, तसेच ते जाणत होते.

किल्ल्याजवळ समुद्राच्या पोटात एक दगडी भिंत असल्याचे पाणबुड्यांनी पाहिले आहे. ती सुमारे १२२ मीटर लांब आहे. परक्या जहाजांचे बूड तीवर आपटावे म्हणून ती घातली, असे सांगतात. तिचे बांधकाम कोणत्या काळचे याचा वाद विद्वान करोत. आम्हांस एवढेच म्हणावयाचे आहे की, ज्यांना लोक "मासे मारणारे" म्हणून हिणवितात, त्यांच्याच पूर्वजांस त्या पाण्याचा तळ घराच्या अंगणासारखा ठाऊक होता.

आता आरमारावर होते कोण? कोळी, भंडारी, गाबीत, खारवी आणि किनाऱ्यावरचे मुसलमान. शिवाजी महाराजांच्या आरमाराच्या सरदारांत दर्यासारंग व दौलतखान हे मुसलमान होते, मायनाक हा भंडारी होता. धर्मशास्त्राची पोथी त्या काळी सांगत होती की, समुद्र ओलांडणे हे कलियुगात वर्ज्य आहे, जो ओलांडील तो बाटेल. ही सिंधुबंदी ज्यांनी पाळली ते दर्यावर गेले नाहीत. ज्यांस पोटासाठी रोजच दर्यावर जावे लागे, त्यांस पोथीने शूद्र म्हणून आधीच खाली बसविले होते. शिवाजी महाराजांनी पोथीकडे न पाहता माणसाच्या अंगचा गुण पाहिला, म्हणूनच आरमार झाले. ही गोष्ट आपल्या मुलांस जरूर सांगावी.

आणि घाटावरच्या मंडळींनी असे समजू नये की, हे सारे कोकण्यांचे काम, आपला त्यात काय संबंध? जहाजावरच्या माणसाच्या पोटात भाकरी कोणाची होती? शिडास कापड विणले कोणी, त्याचा कापूस पिकविला कोणी? सरदाराचा पगार ज्या खजिन्यातून गेला, तो खजिना भरला कोणत्या शेतसाऱ्याने? दर्यावर लढला कोळी, पण त्याच्यामागे नांगर धरून उभा होता कुणबी.

आता दुसरा प्रश्न : मोडले कोणी? हा प्रश्न अवघड आहे, कारण त्याचे खरे उत्तर ऐकण्यास कडू आहे.

कान्होजी आंग्र्यांचे म्हणणे साधे होते. आमच्या किनाऱ्यावरून जो माल नेईल त्याने आमचे दस्तक घ्यावे, म्हणजे परवाना घ्यावा. इंग्रजांस हे मान्य नव्हते. त्यांनी कान्होजींस चाचा ठरविले आणि तेच नाव आपल्या बखरींतून व ग्रंथांतून जगभर नेले. पण पोर्तुगीज तर सोळाव्या शतकापासून याच समुद्रात सर्वांवर आपल्या परवान्याची सक्ती करीत होते! परक्याने परवाना मागितला तर तो राजा, घरच्याने मागितला तर तो चाचा, हा न्याय कोणता? लेखणी कोणाच्या हाती असावी, हे यावरून ध्यानात घ्या.

इंग्रजांनी १७१७ साली विजयदुर्गावर आरमार पाठविले, हात हलवीत परत गेले. १७२० साली पाण्यावर तरंगणारा तोफांचा तराफा घेऊन पुन्हा आले, पुन्हा परत गेले. १७२४ साली डच लोकांनी प्रयत्न केला, त्यांचीही तीच गत झाली. १७२९ साली कान्होजी वारले. त्यानंतर भावाभावांत वाटणीचे भांडण लागले. एक कुलाब्यास, दुसरा विजयदुर्गास. वाटणीच्या भांडणात बांध कोरला जातो, विहीर बुजते आणि शेवटी सावकार येतो, हे आपण गावोगाव पाहतो. येथेही तेच झाले.

विजयदुर्ग पुढे तुळाजी आंग्रे यांच्याकडे आला. तुळाजी शूर होते. १७४९ साली त्यांनी इंग्रजांचे 'रिस्टोरेशन' नावाचे लढाऊ जहाज धरून आणले. पण खरे बोलावयाचे तर सर्व बाजूंनी बोलावे. तुळाजी हट्टी होते, ते भावाशी भांडले, पुण्याच्या सत्तेस जुमानीत ना, आपल्याच लोकांच्या मुलुखास त्यांचा उपद्रव होई. पेशव्यांची त्यांच्यावर तक्रार होती, आणि ती सगळीच खोटी नव्हती. पण घरातला भाऊ उद्दाम झाला तर त्यास वठणीवर आणण्यास दरोडेखोरास बोलवावे काय? नानासाहेब पेशव्यांनी हेच केले. १७५५ साली त्यांनी मुंबईच्या इंग्रजांशी करार केला. त्याच वर्षी एप्रिलात इंग्रजांच्या कमोडोर जेम्सने सुवर्णदुर्ग घेतला. पुढल्या वर्षी फेब्रुवारीत अॅडमिरल वॉटसन आरमार घेऊन विजयदुर्गापुढे आला. त्याच्याबरोबर जमिनीवरच्या फौजेचा मुख्य रॉबर्ट क्लाइव्ह होता. जमिनीच्या बाजूने पेशव्यांची फौज बसली होती.

तुळाजी तडजोडीच्या बोलण्यासाठी पेशव्यांच्या छावणीत गेले आणि तेथेच अडकले. किल्ला धन्यावाचून राहिला. १२ फेब्रुवारी १७५६ रोजी इंग्रजांनी तोफा सुरू केल्या. एक पेटता गोळा त्याच 'रिस्टोरेशन' जहाजावर पडला. आंग्र्यांची जहाजे एकमेकांस बांधून किल्ल्याच्या आसऱ्यास उभी होती. एकाची आग दुसऱ्यास, दुसऱ्याची तिसऱ्यास लागली. बांधणी चालू असलेली मोठी जहाजेही जळाली. तीन पिढ्यांच्या सुतार-लोहारांचे कसब एका संध्याकाळी राख झाले. रात्री क्लाइव्हने आपली माणसे अशा ठिकाणी उतरविली की, पेशव्यांच्या फौजेस किल्ल्यात शिरताच येऊ नये! दुसऱ्या दिवशी, १३ तारखेस, किल्ला इंग्रजांच्या हाती गेला.

किल्ल्यात सुमारे दहा लाख रुपयांची लूट आणि दोनशेच्या वर तोफा मिळाल्या. लुटीचे वाटे कसे करावयाचे, हे इंग्रज अंमलदारांनी मुंबईहून निघण्यापूर्वीच आपसांत ठरविले होते. दोस्त म्हणविणाऱ्या पेशव्यांस त्यातली कवडी मिळाली नाही. किल्लाही लगेच मिळाला नाही. १२ ऑक्टोबर १७५६ च्या तहाने तो परत मिळाला, पण त्याच्या मोबदल्यात बाणकोट आणि आसपासची गावे इंग्रजांस द्यावी लागली. तुळाजींचे उरलेले आयुष्य पेशव्यांच्या कैदेत गेले. आणि तोच क्लाइव्ह, तोच वॉटसन येथून बंगालकडे गेले. सोळा महिन्यांनी, जून १७५७ मध्ये, प्लासीची लढाई झाली आणि हिंदुस्थानच्या गुलामगिरीचा पाया पडला.

यानंतर आरमार अगदीच संपले असे नाही. पेशव्यांनी विजयदुर्गास आनंदराव धुळप यांस नेमले. धुळपही शूर घराणे. १७८३ साली त्यांनी इंग्रजांचे 'रेंजर' हे जहाज झुंजून धरले. पण मोडलेले हाड सांधले तरी पहिला जोर येत नाही, तसे झाले. १८१८ साली पेशवाई बुडाली आणि विजयदुर्गही इंग्रजांकडे गेला.

आता यावरून काय घ्यावे? ही हकीकत ऐकून कोणी ब्राह्मण जातीस शिव्या द्याव्या, असा आमचा हेतू नाही. शिवी देण्यास अक्कल लागत नाही. आमचे म्हणणे एवढेच : ज्या पेशव्यांच्या मोहिमांचे पवाडे शाळेत वर्षानुवर्षे शिकविले गेले, त्यांच्याच हातून आपले आरमार परक्याच्या तोफेपुढे जाळले गेले, हे पान पुस्तकातून वगळू नये. कान्होजींचे यश सांगताना मुलांचे तोडणेही सांगावे. तुळाजींचे शौर्य सांगताना त्यांचा हट्टही सांगावा. पेशव्यांचा पराक्रम सांगताना १७५६ सालही सांगावे. खरा इतिहास कोणाच्याही जातीची भाटगिरी करीत नाही, आमच्याही नाही.

जोतीराव फुले यांनी २४ सप्टेंबर १८७३ रोजी समाज स्थापिला, त्याचे नाव सत्यशोधक ठेविले. कोणी सांगितले म्हणून मानू नये, शोधून मानावे, हा त्या नावाचा अर्थ. या किल्ल्यावरच त्याचा एक धडा मिळाला, तो सांगतो.

किल्ल्यात एके ठिकाणी दगडी चौथरे आहेत, त्यांस 'साहेबाचे ओटे' म्हणतात. तेथे गावोगावचे पाहुणे असे ऐकून येतात की, १८६८ साली लॉकियर नावाच्या इंग्रज साहेबाने या ओट्यांवरून सूर्यग्रहण पाहिले आणि हेलियम वायूचा शोध येथे लागला. ऐकून आमची मुले फार आनंदली. शाळेत परत आल्यावर आम्ही त्यांस घेऊन ग्रंथ चाळले. तेव्हा निघाले ते असे : १८ ऑगस्ट १८६८ रोजी खग्रास ग्रहण झाले खरे. त्या वेळी जान्सन नावाच्या फ्रेंच शास्त्रज्ञाने आंध्रातील गुंटूर येथून सूर्याच्या कडेच्या ज्वालांचा प्रकाश यंत्राने पाहिला. लॉकियर त्या वर्षी हिंदुस्थानात नव्हतेच. त्यांनी इंग्लंडात बसून, ग्रहणावाचूनच, त्याच वर्षी ऑक्टोबरात सूर्याच्या प्रकाशातील ती पिवळी रेघ पाहिली. पृथ्वीवर कोणत्याच पदार्थात ती रेघ त्या वेळी सापडत नव्हती, म्हणून सूर्याच्या ग्रीक नावावरून त्या नव्या तत्त्वास हेलियम म्हटले. १८९५ साली रॅम्से यांस ते पृथ्वीवरच्या खनिजात सापडले. मग ओटे कसले? तर लॉकियर विजयदुर्गास आले ते ३० वर्षांनी, २२ जानेवारी १८९८ च्या ग्रहणास. आणि त्यांच्या मदतीस इंग्रजी जहाजावरचे खलाशी होते.

एका मुलाने तर ग्रंथ उघडण्यापूर्वीच शंका काढली होती : "गुरुजी, ऑगस्टात कोकणात सूर्य दिसतो का?" शेतकऱ्याचे पोर ते! पावसाचा महिना त्यास पाठ. अशी शंका विचारणारे पोर ज्या घरात आहे, त्या घरास कोणी फसवू शकणार नाही. ना भटजी, ना सावकार, ना मते मागावयास येणारा पुढारी. किल्ल्याचा मान यामुळे कमी झाला काय? मुळीच नाही. १८९८ साली जगप्रसिद्ध शास्त्रज्ञ तेथे आले, हीच गोष्ट थोर आहे. खऱ्यास खोट्याची शोभा लागत नाही.

आता तिसरा प्रश्न : हा किल्ला आता कोणाचा? कागदावर तो भारत सरकारच्या पुरातत्त्व खात्याच्या रखवालीत आहे. ११ जुलै २०२५ रोजी युनेस्को या जागतिक संस्थेने मराठ्यांचे बारा किल्ले जगाच्या वारशाच्या यादीत घेतले. रायगड, राजगड, प्रतापगड, पन्हाळा, शिवनेरी, लोहगड, साल्हेर हे डोंगरावरचे. खांदेरी, सुवर्णदुर्ग, विजयदुर्ग, सिंधुदुर्ग हे दर्याचे. आणि तामिळ देशातला जिंजी. ऐकून छाती फुगली, हे आम्ही लपवीत नाही. पण छाती फुगली तरी डोळे मिटू नयेत.

जगाचा वारसा झाला म्हणजे पाहुणे वाढतील. पाहुणे वाढले म्हणजे पैसा येईल. तो पैसा कोणाच्या हातात पडेल? किल्ल्याच्या पायथ्याचा गाबीत-भंडारी हॉटेलात भांडी घासील आणि हॉटेलाचा मालक बाहेरचा असेल, असे झाले तर १७५६ सालच्या लुटीसारखेच झाले म्हणावयाचे : मेहनत आपली, वाटे दुसऱ्याचे. तट दुरुस्त करावयाचा तर जांभ्याचा चिरा घडविणारा, चुना मळणारा गवंडी लागेल. ती विद्या जाणणारे जे थोडे हात उरले असतील, त्यांस शोधून, पोटभर मजुरी देऊन, त्यांच्या हाताखाली तरुण मुले तयार करणे हे सरकारचे कर्तव्य आहे. आणि ते मागणे हे आपले कर्तव्य आहे. किल्ला जपावयाचा आणि किल्ला बांधणारा उपाशी ठेवावयाचा, हे जपणे नव्हे.

मागण्यापूर्वी आपणही काही करावे. त्यासाठी चार गोष्टी सांगून आम्ही पुरे करितो.

पहिली : किल्ला पाहण्यास जाल तेव्हा भिंतीवर खिळ्याने नाव कोरू नका. ज्यांनी ती भिंत रचली त्यांनी आपले नाव कोरले नाही; दगडास नुसता हात लावून आलेल्याने ते कोरावे हे शोभत नाही. बाटल्या, कागद, पिशव्या बरोबर न्याल तशा बरोबर परत आणा.

दुसरी : मुलींसही न्या. आमच्या सहलीस पाठविताना काही घरांनी मुलगे पाठविले आणि मुली घरी ठेविल्या. तटाचा चुना वाहिला तो काय एकट्या पुरुषांनी? जिच्या आजीने पाटी वाहिली, तिच्या नातीने पाटीवर अक्षर काढावे आणि तटावर उभे राहून समुद्रही पाहावा.

तिसरी : घरातल्या म्हाताऱ्यास बोलते करा आणि ते लिहून ठेवा. सुताराच्या घरी कोणते लाकूड कोणत्या महिन्यात तोडावे, लोहाराच्या घरी कोणत्या रंगाच्या तापास पाणी द्यावे, कुंभाराच्या घरी कोणती माती कोठून आणावी, शेतकऱ्याच्या घरी कोणते वाण कोणत्या रानास मानवते, हे सारे दोन आण्यांच्या नव्हे, हल्लीच्या वीस रुपयांच्या वहीत मावते. लिहिता येत नसेल तर शाळेतल्या पोरास लिहावयास बसवा. त्याचे शुद्धलेखनही होईल आणि तुमचा उतारा तुमच्या नावावर चढेल.

चौथी : भाऊबंदकी आवरा. कान्होजींच्या मुलांजवळ तोफा होत्या, गुराबा होत्या, अभेद्य किल्ला होता. एकी तेवढी नव्हती. आपल्याजवळ तर चार बिघे जमीन आणि दोन हात, एवढेच आहे. बांधाच्या वितीसाठी कोर्टात वीस वर्षे घालवू तर एवढेही राहणार नाही. भांडण झालेच तर घरच्या ओट्यावर मिटवा. वॉटसन आणि क्लाइव्ह यांस घरात बोलावू नका. त्यांची नावे बदलली आहेत, धंदा तोच आहे.

तो तट आणखी किती पावसाळे उभा राहील हे लाटांच्या, सरकारच्या आणि तेथील लोकांच्या हाती आहे. पण तो कोणी बांधला हे आपल्या मुलांच्या वहीत लिहिले जाईल की नाही, हे मात्र सर्वस्वी आपल्याच हाती आहे. इतके बोलून आम्ही आपली रजा घेतो.